हत्तींना भेटायला जाताना: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी एका दिवसाची तयारी

पहिल्यांदा मी हत्ती बघायला गेले, त्या जागेच्या फाटकावर 'अभयारण्य' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. आत गेल्यावर आमच्या गटाला एका हत्तिणीला आंघोळ घालायला दिली. आम्ही पाणी उडवलं, ब्रशने तिची पाठ घासली, फोटो काढले. बाहेर पडताना पुढचा गट आत येत होता आणि तीच हत्तीण पुन्हा त्याच पाण्यात उतरत होती. तिच्या शेजारच्या माणसाच्या हातात अंकुश होता. दिवसातून ती किती वेळा अशी पाण्यात उतरत असेल, हा प्रश्न मला घरी आल्यावर पडला आणि पुढे बरेच दिवस तो पाठ सोडेना.

तेव्हापासून मी चौकशी केल्याशिवाय कुठल्याही हत्ती केंद्रात जात नाही. त्या चौकशीपासून संध्याकाळी परत निघेपर्यंत काय काय करायचं, ते क्रमाने सांगते.

पहिली पायरी: कुठल्या प्रकारची जागा आहे ते ओळखा

'अभयारण्य' हा एकच शब्द अगदी वेगवेगळ्या जागांना लावला जातो आणि नवख्या माणसाची फसगत इथेच होते.

एक म्हणजे खरंखुरं जंगल. तिथे हत्ती आपल्या मर्जीने हिंडतात. तुम्ही गाडीतून जाता आणि ते दिसले तर दिसले. दुसरी जागा म्हणजे सांभाळ केंद्र. सर्कशीत, लाकूड ओढण्यात, सवारीत किंवा मिरवणुकीत आयुष्य गेलेले हत्ती तिथे आणून ठेवतात. यातल्या बहुतेकांना पुन्हा जंगलात सोडता येत नाही. कळपाशिवाय वाढलेल्या, पायांनी अधू झालेल्या, कधी कधी आंधळ्या हत्तीला जंगलात एकट्याने जगणं जमणार नसतं. मथुरेजवळ 'वाइल्डलाइफ एसओएस' या संस्थेचं असं केंद्र २०१० पासून आहे आणि २०१८ मध्ये तिथे खास हत्तींसाठी रुग्णालय सुरू झालं. तिसरी जागा म्हणजे अनाथ पिल्लांचं केंद्र. आई गमावलेली पिल्लं तिथे वाढवतात आणि मोठी झाली की जंगलात सोडतात. केनियात नैरोबीला 'शेल्ड्रिक वाइल्डलाइफ ट्रस्ट' हे काम करतं, तर श्रीलंकेत उडावालावेचं केंद्र १९९५ पासून तिथला सरकारी वन्यजीव विभाग चालवतो.

आणि चौथ्या प्रकारची जागा म्हणजे मी पाहिली ती. पाटीवर अभयारण्य, आत पर्यटकांचा खेळ. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि चावायचे वेगळे म्हणतात, ते अशा जागांना अगदी लागू पडतं.

खऱ्या केंद्राची एक खूण मला फार मोलाची वाटते: ते तुम्हाला हत्तीपासून लांब ठेवतं. उडावालावेला पिल्लांना दूध पाजताना लोक एका चौथऱ्यावरून बघतात, हात लावायला मिळत नाही. ही पिल्लं उद्या जंगलात जाणार, तेव्हा माणसाची सवय त्यांच्या जिवावर बेतू शकते. अमेरिकेत टेनेसी राज्यात १९९५ साली सुरू झालेलं 'द एलिफंट सँक्च्युअरी' याहून पुढे गेलं आहे. तिथे हत्तींच्या आवारात पर्यटकांना प्रवेशच नाही. त्यांचे हत्ती बघायचे ते कॅमेऱ्यातून, थेट प्रक्षेपणावर. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मला खट्टू व्हायला झालं होतं. आता वाटतं, आयुष्यभर लोकांसमोर उभ्या राहिलेल्या हत्तीला याहून मोठी भेट दुसरी कुठली देणार?

दुसरी पायरी: फोन करा आणि चार प्रश्न विचारा

संकेतस्थळावरचे फोटो बघून ठरवू नका. फोन करा किंवा मेल पाठवा.

पहिला प्रश्न सवारीचा. "हत्तीवर बसता येतं का?" याला 'हो' उत्तर आलं की तिथे जायचं नाही, विषय संपला. हत्ती एवढा धिप्पाड, त्याला माणसाचं काय ओझं, असं आपल्याला वाटतं. पण हत्तीच्या मणक्यांची टोकं वरच्या बाजूला निघालेली असतात आणि हौद्याचं वजन नेमकं त्यांच्यावर येतं. त्याहून वाईट म्हणजे हत्ती आपणहून पाठीवर कुणाला बसू देत नाही. त्यासाठी त्याला लहानपणी आईपासून तोडून, बांधून, मारून वाकवलेलं असतं. सवारीची मजा त्या दिवसांच्या जोरावर चालते.

दुसरा प्रश्न आंघोळीचा आणि हात लावण्याचा. इथे लोक अडखळतात, कारण आंघोळ घालणं म्हणजे माया करणं वाटतं. पण पाण्यात, अगदी जवळ, चार-पाच टनांच्या जनावराच्या पायाशी उभं राहणं धोक्याचंच असतं. जानेवारी २०२५ मध्ये थायलंडमधल्या एका केंद्रात हत्तीला आंघोळ घालताना एका तरुण पर्यटक मुलीचा जीव गेला. हत्तीला आंघोळ हवी असेल तर तो स्वतःच पाण्यात जातो, स्वतःच चिखल उडवून घेतो. त्याला जागा आणि पाणी मिळालं की पुरे.

तिसरा प्रश्न: "तुमच्याकडे हत्ती कुठून आले, आणि इथे पिल्लं जन्माला येतात का?" चांगल्या केंद्रातला माणूस एकेका हत्तीची हकिकत सांगू लागतो. किती साली आणला, कुठे होता, पायाला काय झालं होतं. सांभाळ केंद्रात मुद्दाम पिल्लं पैदा करत नाहीत आणि हत्तींची खरेदी-विक्रीही करत नाहीत. सुटका केलेल्या हत्तींचं केंद्र म्हणवणाऱ्या जागी दरवर्षी गोंडस पिल्लू जाहिरातीत दिसत असेल, तर ते कशासाठी जन्माला घातलं, याचा विचार करा. 'ग्लोबल फेडरेशन ऑफ अ‍ॅनिमल सँक्च्युअरीज' नावाची, २००७ मध्ये स्थापन झालेली संस्था जगभरातल्या केंद्रांची तपासणी करून मान्यता देते. ती आहे का, हेही विचारता येईल. मात्र मान्यता नाही म्हणून केंद्र वाईटच, असं समजू नका.

चौथा प्रश्न रात्रीचा. "रात्री हत्ती कुठे असतात?" दिवसा मोकळे दिसणारे हत्ती पुष्कळ ठिकाणी रात्री आखूड साखळदंडाला असतात. हत्ती झोपतो फार थोडा, जंगलात तर दिवसाकाठी काही तासच. म्हणजे रात्रीचा बराच वेळ तो जागा असतो, आणि साखळी असेल तर एकाच जागी उभा. उपचारासाठी किंवा मदात, म्हणजे माजावर, आलेल्या नराला काही काळ वेगळं ठेवावं लागतं, हे खरं. चांगलं केंद्र ते कारणासकट सांगतं. उत्तर द्यायची टाळाटाळ झाली तर दुसरी जागा बघा.

तिसरी पायरी: वेळ ठरवा, नाव नोंदवा

चांगल्या केंद्रांत रोज मोजकेच लोक घेतात, म्हणून आधी नाव नोंदवल्याशिवाय निघू नका. नैरोबीच्या केंद्रात तर पिल्लं बघायला दिवसातून जेमतेम तासभर मिळतो. सकाळची वेळ मिळाली तर तीच घ्या. हत्तीला घामाच्या ग्रंथी जवळजवळ नसतातच, नखांच्या आसपास थोड्या असतात तेवढ्याच. त्यामुळे भर दुपारी तो सावलीत कान हलवत उभा राहतो. सकाळी आणि ऊन उतरल्यावर तो चरतो, धूळ उडवतो, दुसऱ्या हत्तींकडे जातो.

त्याच दिवशी आणखी दोन ठिकाणं उरकायचा बेत आखू नका. ही माझी अगदी मनापासूनची विनंती आहे. घाईतल्या माणसाला हत्ती दिसतो, पण त्याचं काही कळत नाही.

चौथी पायरी: आदल्या रात्रीची पिशवी

कपडे मातकट किंवा हिरवट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे. पायात बंद बूट. पाणी, टोपी, दुर्बीण असेल तर जरूर. अत्तर, सुगंधी तेल, उग्र वासाचं काही लावू नका. वास ओळखणारी जनुकं हत्तीत सुमारे २,००० असतात, आजवर तपासलेल्या सगळ्या प्राण्यांत सर्वाधिक, हे २०१४ च्या एका अभ्यासात दिसलं. तुमच्या पिशवीतलं केळं त्याला तुमच्या आधी आठवेल. म्हणून खाण्याचं सगळं गाडीतच ठेवा.

खोकला किंवा ताप असेल तर जाणं पुढे ढकला. क्षयरोग माणसाकडून हत्तीला होतो आणि हत्तीकडून माणसालाही. कुणालाच खात्रीने सांगता येत नसतं आपल्या खोकल्यात काय आहे ते. नाव नोंदवलेलं फुकट गेलं तरी चालेल.

लहान मुलं बरोबर असतील तर रात्रीच सांगून ठेवा, की उद्या हत्तीवर बसायचं नाही, हातही लावायचा नाही, लांबून बघायचं आहे. आणि का, तेही सांगा. मुलांना कारण पटतं. फाटकाशी गेल्यावर सांगितलं की मात्र रडारड होते.

पाचवी पायरी: पोचल्यावर

वेळेच्या आधी थोडं पोचा. सुरुवातीला माहिती सांगतात ती लक्ष देऊन ऐका, कारण त्या दिवशी कुठला हत्ती बिथरलेला आहे, कुठल्या बाजूला जायचं नाही, हे तिथेच कळतं. अडसर किंवा खंदक असेल तर त्याच्या अलीकडे राहायचं. मागून जायचं नाही, हाका मारायच्या नाहीत, पळायचं नाही. आणि हत्ती आपल्याला गाठू शकणार नाही, या भ्रमात राहायचं नाही. थायलंडमधल्या हत्तींचा धावण्याचा वेग मोजला तेव्हा तो ताशी २५ किलोमीटरपर्यंत भरला होता.

त्याचा मूड ओळखायला दोन-तीन खुणा पुरतात. कान संथ लयीत हलताहेत, शेपटी सैल झुलते आहे, म्हणजे तो निवांत आहे. कान पसरून तसेच ताठ धरले, डोकं वर उचललं, शेपटी ताठ झाली, की माहुताकडे बघा आणि तो सांगेल तसं मागे सरका. नराच्या डोळा आणि कान यांच्या मधल्या भागातून काळसर ओघळ येत असेल तर तो मदात आहे. त्याच्या आसपास थांबूच नका. सोंड वर उचलून वळवली की लोक 'नमस्कार करतोय' म्हणतात. तो वारा हुंगत असतो. तुमचाच वास घेत असतो.

सहावी पायरी: नीट बघा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. एक हत्ती निवडा आणि अर्धा तास त्याच्यापासून नजर हलवू नका.

सुरुवात पायांपासून करा. हत्ती खरं तर बोटांवर चालतो. टाचेखाली चरबीची जाड गादी असते, म्हणून एवढं धूड आवाज न करता जातं. बंदिस्त हत्तींचं सगळ्यात मोठं दुखणं पायांचंच असतं. वर्षानुवर्षं काँक्रीटवर, स्वतःच्याच मलमूत्रात उभं राहून तळवे झिजतात, नखं फाटतात, आत पू होतो. एका केंद्रात मी पायाचे उपचार जवळून पाहिले. म्हातारी हत्तीण गजांच्या पलीकडे उभी होती. माहुताने नुसता शब्द उच्चारला, तशी तिने पुढचा पाय उचलून गजांमधल्या फटीतून लाकडी ठोकळ्यावर ठेवला. तळव्यावर नकाशातल्या नद्यांसारख्या भेगा होत्या. त्याने कानशीने नखाची कड घासली, जखम धुतली, औषध लावलं. दर दोन-चार मिनिटांनी तिच्या सोंडेत कलिंगडाची फोड जात होती. मध्येच तिने पाय काढून घेतला. तो थांबला. कुणी ओरडलं नाही, काठी उगारली नाही. थोड्या वेळाने तिने स्वतःच पाय पुन्हा ठोकळ्यावर ठेवला. उपचार नाकारायची मुभा असलेला हत्ती मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. तुमच्या भेटीत हे बघायला मिळणार असेल तर बाकी सगळं सोडून तिथे उभे राहा.

मग सोंड. तिच्यात एकही हाड नाही. आशियाई हत्तीच्या सोंडेच्या टोकाला एकच बोटासारखा कोंब असतो, आफ्रिकी हत्तीला दोन. चरताना तो गवताचा झुबका उपटतो आणि पुढच्या पायावर धप्प धप्प आपटतो, मुळांची माती झाडायला. मातीने दात झिजतात. तो आवाज कानात साठवून घ्या. पाणी पिताना सोंडेत ओढतो आणि मग तोंडात सोडतो. लहान पिल्लाला हे जमत नाही, ते सरळ तोंडच पाण्याला लावतं.

सोंडेवर आणि कानांवर गुलाबी ठिपके दिसले तर दचकू नका. आशियाई हत्तीत वयाबरोबर तिथला रंग जातो, तो रोग नव्हे. पण कानाच्या पाळीला भोकं, फाटलेली कड, घोट्याभोवती केस नसलेला गुळगुळीत पट्टा दिसला, तर त्या अंकुशाच्या आणि साखळीच्या खुणा असू शकतात. माहुताला विचारा. ते सांगतात.

एखादा हत्ती एकाच जागी डावी-उजवीकडे झुलताना दिसेल. लोक म्हणतात नाचतोय. वर्षानुवर्षं बांधून ठेवलेल्या हत्तीला ही सवय लागते, आणि चांगल्या जागी आल्यावरही ती पुरती जात नाही. म्हणून झुलणारा हत्ती दिसला की लगेच केंद्राला दोष देऊ नका. तो कधी आला आणि आता आधीपेक्षा कमी झुलतो का, ते विचारा. केंद्रातले सगळेच तरुण हत्ती झुलत असतील, तर मात्र काहीतरी चुकतं आहे.

शेणाकडेही बघा. एक मोठा हत्ती दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा खातो आणि त्यातला जवळजवळ निम्मा न पचताच बाहेर पडतो. शेणात लांब लांब धागे निघू लागले की माहुत समजतो, याचे दात गेले. हत्तीला आयुष्यात दाढांचे सहा संच येतात, एकामागून एक मागून पुढे सरकत. शेवटचा झिजला की जंगलातला म्हातारा हत्ती उपासमारीने जातो. केंद्रात त्याला चारा बारीक करून, मऊ करून भरवतात. वयस्क हत्तींच्या केंद्रातला स्वयंपाकाचा भाग दाखवत असतील तर बघाच.

आणि दोन हत्ती जवळ आले की श्वास रोखून बघा. एक दुसऱ्याच्या तोंडात सोंडेचं टोक घालतो, हा त्यांचा धीर देण्याचाही प्रकार आहे. थायलंडमध्ये केलेला एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं, की एक हत्ती घाबरला की दुसरे त्याच्याकडे जाऊन त्याला सोंडेने स्पर्श करतात, हलके आवाज काढतात. त्यांचं पुष्कळसं बोलणं आपल्याला ऐकू येणार नाही इतक्या खालच्या स्वरात चालतं. हे १९८० च्या दशकात केटी पेन या संशोधिकेने शोधून काढलं. हत्तीच्या पिंजऱ्याजवळ उभं असताना तिला हवेत थरथर जाणवली होती. तुम्हीही शांत उभे राहिलात तर एखादी गुरगुर कानाआधी छातीत जाणवेल.

फोटो काढायचे तर फ्लॅश बंद ठेवा. पाठ करून सेल्फी नको. ड्रोन अजिबात नको.

सातवी पायरी: चारा द्यायचा असेल तर

काही केंद्रं अडसराच्या अलीकडून फळं देऊ देतात. केंद्राने दिलेलंच द्या आणि सांगतील तेवढंच. फळ दाखवून हात मागे घेऊ नका. सोंड पिशवीकडे वळली तर पिशवीशी झटापट करू नका, सोडून द्या. आणि माहुताने 'आता पुरे' म्हटलं की पुरे. गोड फळांनी म्हाताऱ्या हत्तीचं वजन वाढलं तर ते त्याच दुखऱ्या पायांवर येतं.

आठवी पायरी: निघताना

पैसे द्यायचे असतील तर चाऱ्यासाठी किंवा औषधासाठी द्या आणि पावती घ्या. कितीही जुनी म्हणून सांगितली तरी हस्तिदंताची वस्तू घेऊ नका. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९८९ मध्ये बंदी ठरली, ती हत्ती मारले जाणं थांबावं म्हणूनच. हत्तीच्या केसांची कडी-अंगठ्याही नकोत.

माहुतांशी बोलल्याशिवाय निघू नका. हत्तीला काय आवडतं, तो कशाला घाबरतो, कुणाशी त्याची गट्टी आहे, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं आणि त्यांना विचारणारे फार थोडे असतात. केंद्रात काही खटकलं असेल तर तेही त्यांच्यावर न चिडता व्यवस्थापनाला लेखी कळवा.

शेवटचा तास मोकळा ठेवा. ऊन उतरल्यावर एखाद्या झाडाखाली, परवानगी असेल तिथे, बसून राहा. माझ्या त्या म्हाताऱ्या हत्तिणीला मी अशीच शेवटी पाहिली. औषध लावलेला पाय जरा उचलून धरत ती चाऱ्याच्या ढिगाशी आली, एक झुबका घेतला, पायावर दोनदा आपटला, आणि तिची मैत्रीण पलीकडून येईपर्यंत सोंडेत तसाच धरून उभी राहिली.